आधी चिंचोके, मग आकडे

जूनमध्ये पहिलीत आलेली बरीच मुलं शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणतात. पालकांना केवढं कौतुक! मी समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवते आणि म्हणते, "यातले सात दे बरं मला." पुष्कळदा नुसती ओंजळ भरून पुढे येते. अंक पाठ असतात, मोजणं यायचं असतं. ते घरीच सहज शिकवता येतं.

रोज दहा मिनिटं पुरेत. एकेक चिंचोका बाजूला सरकवत मोजू द्या. (धाकटं भावंड रांगतं असेल तर बाटल्यांची मोठी झाकणं घ्या.) मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा एकपासून सुरू झालं, तर शेवटी म्हटलेला अंक म्हणजेच सगळे मिळून किती, हे अजून उमगलेलं नाही. रागावू नका. स्वतः मोजून दाखवा: "एक, दोन, तीन, चार. चार चिंचोके."

आता माझा सगळ्यात आवडता खेळ. मुलाकडून पाच चिंचोके मोजून घ्या, डोळे मिटायला सांगा आणि काही वाटीखाली झाका. तीन दिसतायत, मग वाटीखाली किती? आधी ते काहीही ठोकून देईल. पुढे बोटं काढेल. बोटांवर मोजू द्या, हात खाली करायला लावू नका. वाटी त्यालाच उचलू द्या. चुकलं की बरोबर, ते त्याचं त्याला दिसतं. पाच पक्के झाले की सहा, सात, असं दहापर्यंत चला. बेरीज-वजाबाकीचा पाया इथेच पडतो.

दहाच्या पुढे खराट्याच्या काड्या आणि रबरबँड. दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा, तोही मुलानेच. चौतीस म्हणताना चार आधी ऐकू येतो, म्हणून मुलं ४३ लिहितात. तो निष्काळजीपणा नव्हे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'तीस चार' असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला मात्र वर्गात त्याचा उपयोगच होतो. तीन गठ्ठे, चार सुट्या काड्या, तीस चार, चौतीस, आणि मग पाटीवर ३४. याच क्रमाने जा.

पाढ्यांची घाई नको. दोनाचा पाढा घ्यायचाच असेल, तर आधी दाराशी चपलांचे जोड मांडून दोन, चार, सहा मोजू द्या.