पूर्व भागात खायला निघताना घड्याळ बघून निघा

पुण्याहून पाहुणे आले की मला एकच विचारतात, "सोलापुरात चांगलं कुठं मिळतं?" मी त्यांना उलट विचारतो, "तुम्ही निघणार किती वाजता?"

मी 26 वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो. माग अडला की जॉबरला बोलावणं येतं, मग पहाट असो की रात्र. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, नंतर अक्कलकोट रोडची एमआयडीसी, सगळीकडं आधी सायकलवरून आणि पुढं लुनावरून फिरलो. डबा बहुतेक वेळा घरीच राहायचा. त्या फिरण्यात एक कळलं, की या शहरातलं स्वस्त आणि चांगलं खाणं कामाच्या वेळांवर चालतं. सकाळी सातला ज्या गाडीभोवती उभं राहायला जागा नसते, तिथं दहाला गेलात तर धुऊन पालथी घातलेली भांडी दिसतील. म्हणून मी नावांची यादी देत नाही. गाड्या हलतात, खानावळी हात बदलतात, पण वेळा सहसा बदलत नाहीत.

सकाळ पूर्व भागात घालवा. गिरण्या आणि माग वाढले तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर सोलापुरात आले आणि या पेठांत राहिले. गल्लीत अजून मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते. कन्ना चौक ते अशोक चौक या पट्ट्यात साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान चालत जा, गाडीवरून नको. इडली आणि उडीद वडा विकणाऱ्या बायका घराच्या ओट्यावर किंवा हातगाडीवर बसलेल्या दिसतील. कुणाकडं थांबायचं, याची माझी खूण सांगतो. विडी कारखान्यात विड्या द्यायला निघालेल्या बायका जिथं स्टीलचा डबा पुढं करून इडली बांधून घेतात, तिथं थांबा. त्या रोज घेतात, घरच्या पोरांसाठी घेतात आणि त्यांना दहा रुपयांचाही हिशोब असतो. त्यांनी निवडलेली गाडी मला आजवर चुकीची निघाली नाही. इडलीबरोबर बऱ्याच ठिकाणी शेंगदाण्याची पातळ चटणी मिळते. ती संपली की उठा, सांबारासाठी ताटकळू नका.

बाईंना "अक्का" म्हणा. तिखट सोसत नसेल तर "कारम तक्कुव" म्हणजे तिखट कमी. "एंत?" म्हणजे किती झाले. एवढ्या दोन-तीन शब्दांवर अक्का आतून गरम वडा काढून देते, हे मी कितीदा पाहिलंय. त्यात लबाडी नाही. आपल्या घरची भाषा कुणी बोलायचा प्रयत्न केला की माणूस सुखावतोच.

आता माझी सगळ्यात आवडती पद्धत. एक पदार्थ धरा आणि तो तीन पेठांत खा. मी अंबाडी धरतो. मराठी घरात ती अंबाडी, कन्नड घरात पुंडी, तेलुगू घरात पुंटीकूरा. पाला तोच, आंबटपणाही तोच. आमच्या घरी आई तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची सढळ फोडणी द्यायची. बाळीवेशीकडच्या कन्नड बोलणाऱ्या लिंगायतांच्या खानावळीत कण्या ज्वारीच्या असतात, भाजी दाट होते आणि भाकरीवरून ओघळत नाही. तेलुगू घरांत हिरव्या मिरचीबरोबर वाटतात किंवा थेट मटणात घालतात. त्या मटणाचा आंबट रस्सा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी चाळिशीचा होतो. एवढी वर्षं त्याच गल्लीत माग दुरुस्त करत होतो आणि हे आपल्याला माहीत नव्हतं, याची मला फार चुटपुट लागली. तुम्ही अंबाडीऐवजी भरलं वांगं धरा, नाहीतर शेंगदाण्याची चटणी धरा. असं खाल्लं की तीन घरांची ओळख होते, नुसती तीन हॉटेलं होत नाहीत.

चटणीचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो, कारण पाहुणे इथंच फसतात. सोलापुरी शेंगा चटणी कुटलेली हवी. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, बाकी काही नाही. उखळात कुटत गेलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी एकमेकीला धरते. विकत घेताना चिमूटभर हातावर मागा आणि बोटांनी दाबा. गोळी झाली आणि बोटाला तेल लागलं तर घ्या. कोरडी भुरभुर सांडली तर ती मिक्सरमधून निघालेली आहे, ती सोडा. दह्यात कालवून किंवा वर कच्चं तेल घेऊन कडक भाकरीशी खा. कडक भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची, पातळ, तीळ लावलेली, पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली. नीट ठेवली तर ती बरेच दिवस टिकते. बाळीवेस आणि कस्तुरबा मंडईच्या बाजूला घरगुती करणाऱ्यांकडं मिळते. घेताना एक मोडून बघा, काटकन आवाज आला पाहिजे.

दुपारी एक ते अडीच ही खानावळीची वेळ. मटण खात असाल तर सावजी खानावळ शोधा. सावजी म्हणजे सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाज. त्यांचाही मूळ धंदा विणकामाचाच. इथं एक चूक मी स्वतः केली. कोल्हापूरचे व्याही आले होते, त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या, मोठ्या पाटीच्या एका हॉटेलात नेलं. चौघांचं बिल 1,900 रुपये झालं, रश्श्यात रंग होता आणि चव नव्हती. व्याही काही बोलले नाहीत, पण त्यांनी दुसरी भाकरी मागितली नाही. मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सहा टेबलांच्या खानावळीत नेलं. तिथं त्यांनी तिसरी भाकरी मागितली आणि बिल अर्ध्याहून कमी झालं. तेव्हापासून मी आत शिरण्याआधी तवा बघतो. भाकरी समोर थापली जात असेल तर बसा, डब्यातून थंड येत असेल तर पुढं चला. बसल्यावर दोन गोष्टी आधीच विचारा: रस्सा परत वाढतात की त्याचे वेगळे पैसे, आणि आज ताजं काय आहे. खिमा, पाया, कलेजी लवकर संपतात. अडीचनंतर जे उरेल ते मिळतं.

शाकाहारी मंडळींनी ही वेळ बाळीवेशीकडं काढावी. भाकरी, पुंडी, भरलं वांगं, झुणका, चटणी, दही असं ताट येतं. शेंगा पोळी असेल तर तूप घेऊन खा. वाढणाऱ्या आजी कन्नड बोलत असतील तर "खार कम्मी" म्हटलं की तिखट कमी.

संध्याकाळी सातनंतर विजापूर वेस. दुपारी तिथं शीक, म्हणजे निखाऱ्यावर शिगेला लावून भाजलेलं मांस, शोधायला जाऊ नका, निखारे तेव्हा पेटलेलेच नसतात. शीक समोर भाजून घ्यायची, कांदा आणि लिंबू बरोबर. पहिल्यांदा दोनच मागा, आवडली तर पुन्हा मागा, म्हणजे दुसरी खेपही गरम येते. मांस कशाचं आहे ते सरळ विचारा. शीक भाजणारे चाचा सरळ सांगतात, कुणी वाईट वाटून घेत नाही. रमजानात इथं मीना बाजार भरतो आणि रात्री उशिरापर्यंत माणसांची रीघ असते. तेव्हा पोट रिकामं ठेवूनच या आणि गाडी लांब लावा.

पार्क चौकातली भेळ, पावभाजी पोरांना आवडते. चांगली असते, पण ती कुठल्याही शहरात मिळेल. एकच संध्याकाळ हातात असेल तर ती तिथं घालवू नका.

पैशांचं म्हणाल तर सकाळ, दुपार, संध्याकाळ मिळून दोघांना फार खर्च येत नाही. त्यात सावजी मटणही आलं. दहा-वीसच्या सुट्या नोटा ठेवा. फोनवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण सकाळच्या गर्दीत अक्काला फोन बघायला हात मोकळा नसतो. आणि दोघांत एकच प्लेट घ्या. तीन ठिकाणी चाखायचं असेल तर पहिल्याच ठिकाणी पोट भरून चालत नाही.

यायचं कधी? हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, होम मैदान माणसांनी फुललेलं असतं. तेव्हा पूर्व भागात ओळख काढून एखाद्या घरी सकिनालू चाखा. तांदळाच्या पिठाच्या, तीळ घातलेल्या गोल कड्या, हातानं वळलेल्या. त्या दुकानापेक्षा घरीच चांगल्या मिळतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, त्या दिवशी पेठा गजबजलेल्या असतात. एप्रिल-मे टाळा. यावंच लागलं तर सकाळचं साडेआठच्या आत उरका आणि संध्याकाळी सातनंतरच बाहेर पडा. दुपारी पारा 42 च्या वर जातो. तेव्हा ओली चटणी बांधून नेऊ नका, कडक भाकरी आणि कुटलेली चटणी तेवढी पिशवीत ठेवा.