चार पिकल्यावरच तोडा. चारोळीच्या झाडांसाठी उन्हाळी सल्ला

चार म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते रानफळ. चाराच्या झाडाला माघ-फाल्गुनात मोहोर येतो आणि चैत्र-वैशाखात फळं काळपट जांभळी होतात. हिरव्या फळांना हात लावू नका. दुसरा कुणी आधी नेईल या धास्तीनं गडचिरोली, गोंदियापासून मेळघाटापर्यंत कच्ची चार झोडपली जाते. त्यात तोडणाऱ्याचंच नुकसान होतं, कारण बीतला गर भरलेला नसतो. फोडल्यावर चारोळी सुरकुतलेली निघते, भाव पडतो. यावर एकट्यादुकट्याचा संयम पुरत नाही. ग्रामसभेनं तोडणीचा दिवस ठरवावा आणि तो सगळ्यांनी पाळावा. वनहक्क कायदा २००६ नं गौण वनउपज (लाकूड सोडून झाडांपासून मिळणारा रानातला माल) गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा ही शिस्तही गावानंच लावायची.

फांद्या छाटून फळं काढू नका. मोहोर शेंड्याकडे येतो. फांदी गेली की पुढची काही वर्षं तिथं फळ नाही. खाली कापड अंथरा, पिकलेले घोस हातानं किंवा आकडीनं काढा. थोडी फळं झाडावर राहू द्या. अस्वलं आणि पाखरं ती खातात, बी रानात पसरतं.

फळं रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गोणपाटावर चोळून साल-गर काढा, बिया धुऊन उन्हात कडक वाळवा. ओलसर बी साठवलं तर बुरशी लागते. जमलं तर गावातच फोडून, पाखडून चारोळीच विका; अख्ख्या बियांपेक्षा तिला कितीतरी जास्त पैसे मिळतात.

रोपं करायची असतील तर याच हंगामातलं ताजं बी घ्या, जुनं क्वचितच उगवतं. कवच फार टणक असतं, त्यामुळे पेरण्याआधी त्याला हलकी चीर पाडा, आतल्या गराला धक्का लागू देऊ नका. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून उंच पिशव्या वापरा. बियांच्या झाडाला फळ यायला बरीच वर्षं लागतात, शिवाय प्रत्येक झाड वेगळं निघतं. लवकर उत्पन्न हवं असेल तर मृदुकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर चांगल्या झाडाची काडी जोडून केलेलं) घ्यावं. गुजरातमधल्या गोध्र्याच्या फळबाग संशोधन केंद्रानं निवडलेला चाराचा ‘थार प्रिया’ हा वाण विचारून पाहा.

बांधावर, मुरमाड उतारावर झाड चांगलं येतं. पाणी साचणारी जागा मात्र टाळा. खड्डे आताच खणून तापू द्या, लागवड पाऊस नीट बसल्यावर करा आणि पहिली काही वर्षं गुरांपासून काटेरी कुंपण ठेवा.