जुन्या डेस्कटॉपची रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना या चुका टाळा

जुना डेस्कटॉप मंदावला की अनेक जण एकाच बैठकीत रॅम वाढवतात आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीमही टाकून मोकळे होतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पुढे निळा स्क्रीन येऊ लागला, तर दोष रॅमचा, ड्रायव्हरचा की पेनड्राइव्हचा, हे ठरवायला काही आधारच उरत नाही. शिवाय सदोष रॅमवर इन्स्टॉलेशन केल्यास फायली डिस्कवर उतरतानाच बिघडू शकतात आणि नंतर रॅम बदलली तरी त्या आपोआप सुधारत नाहीत. म्हणून आधी रॅम बसवावी, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा आणि त्यात एकही एरर आली नाही, तरच पुढच्या कामाला हात घालावा.

अर्थात, रॅमच कमी पडते आहे का, हे आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. मेमरी मोकळी असूनही डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र दिसत असेल, तर तो खर्च एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कवर, करणे शहाणपणाचे.

खरेदीत घोळ होतो तो बाह्य साम्यामुळे. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेल्यास स्लॉटच तुटतो. इंटेलच्या जुन्या जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डांची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यांवर ४ जीबीची डीडीआर३ रॅम घ्यायची असल्यास दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली घ्यावी, कारण आठच चिप असलेली नवी रॅम हे बोर्ड सहसा ओळखत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते, पण साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही.

रॅम बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच ती खराब ठरवू नये. वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसावे आणि स्लॉटची खिटी ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत रॅम दाबावी. मग एका वेळी एकच रॅम लावून पाहावे.

आठ जीबी लावूनही साडेतीनच्या आसपासच दिसत असेल, तर विंडोज ३२ बिटची असण्याची शक्यता मोठी. तिच्यावरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही. डेटाचा बॅकअप घेऊन नव्यानेच इन्स्टॉलेशन करावे लागते. विंडोज ६४ बिटचीच असेल, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनातील बूट विभागात कमाल मेमरीच्या चौकटीत कोणी खूण करून ठेवली आहे का, तेही बघावे. ऑनबोर्ड ग्राफिक्ससाठी राखलेली थोडी मेमरी कमी दिसणे मात्र दोष नव्हे.

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून भरपूर रॅम घालून विंडोज ११ चालेल, असे गृहीत धरले जाते. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीमची खातरजमा करणारी सोय) लागते, तसेच इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. रॅम कितीही वाढवली तरी या अटी सुटत नाहीत. तपासणी चुकवून ती टाकता येते, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि इंटेलच्या जुन्या कोअर २ च्या काळातील प्रोसेसरवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर सुरूच होत नाही.

नव्या सिस्टीमवर सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी झाली, तर आधी तारीख पाहावी. मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि बोल मात्र नव्या सिस्टीमला लागतो.

विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकासाठी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम मला अधिक प्रामाणिक पर्याय वाटते. तीही थेट डिस्कवर टाकू नये. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून आवाज, वाय-फाय आणि विशेषतः जुना प्रिंटर चालतो का, हे तपासावे आणि मगच जुनी सिस्टीम पुसावी.