माळ्यावरची जुनी छर्‍याची बंदूक: काय करायचं आणि काय अजिबात नाही करायचं

गावाकडच्या घराचा माळा आवरायला घेतला की पितळी हंडे, मोडका पाळणा, कंदील यांच्या मागे गोणपाटात गुंडाळलेली एक एअर गन बर्‍याच घरांत निघतेच. आजोबांनी नाहीतर एखाद्या काकांनी कधीतरी मुंबईहून आणलेली असते, घरातल्या प्रत्येक पोराने तिने कधी ना कधी डबडं उडवलेलं असतं, आणि मग एक दिवस "स्प्रिंग गेली" म्हणून ती माळ्यावर जाते. आता स्प्रिंग गेली असं सगळेच म्हणतात, पण बर्‍याच वेळा स्प्रिंग ठणठणीत असते, आत सुकून कडक झालेलं चामड्याचं वायसर (हवा अडवणारी वाटी) हा खरा प्रॉब्लेम असतो. आणि लोक काय करतात, व्हिडिओ बघून सँडपेपर आणतात, लाकूड घासतात, वर टचवूड मारतात, ग्रुपवर फोटो टाकतात, आणि आत वायसर तसंच वाळलेलं. माझं म्हणणं एकच आहे, जुन्या बंदुकीला कमीत कमी हात लावा, आणि लावायचाच तर आधी आतल्या चामड्याला लावा, बाहेरच्या चकाकीला नंतर बघू.

आधी बघा भरलेली आहे का

वर्षानुवर्षं पडून असलेली बंदूक रिकामीच असणार असं धरून चालू नका. नळीचं तोंड भिंतीकडे नाही, माणसांकडे तर नाहीच, सरळ वाळूच्या पोत्याकडे करा आणि नळी हळूच मोडा (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवा, मोडून टाकू नका). वाकवताना स्प्रिंगचा जोर लागला तर ठीक. जोर न लागता नळी ढिली लोंबली तर दोनच शक्यता, एकतर स्प्रिंग तुटलीय नाहीतर कोणीतरी ती दाबून तशीच ठेवून दिलीय. दुसरी शक्यता धरून चाला, एक छर्रा घाला आणि पोत्यात मारून मोकळी करा. रिकामी मारू नका, पुढे हवेची उशी नसली की पिस्टन (स्प्रिंगने ढकलला जाणारा आतला दट्ट्या) सिलिंडरच्या तोंडावर धाडकन आपटतो.

अजून एक, जुन्या बंदुकांना नळी उघडी असताना चाप अडवणारी सेफ्टी नसते. छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट पाहिजे म्हणजे पाहिजे. चाप सुटला तर नळी एवढ्या जोरात वर येते की मधे आलेल्या बोटाचं काही खरं नाही.

मग ती कुठली आहे ते ओळखा

कोरड्या फडक्याने पुसून वरचे शिक्के वाचा. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात असा छाप असेल तर ती बीएसए. हो, तीच बीएसए जिच्या नावाच्या सायकली आपण चालवल्या, मूळ कंपनी बर्मिंगहॅमची, १८६१ सालची, आणि आधीपासून बंदुकाच बनवणारी. त्यांच्या एअर रायफली १९०५ च्या सुमारापासून आल्या, लिंकन जेफ्रीज या माणसाच्या डिझाइनवर. आपल्याकडे सापडलीच तर युद्धानंतरची एअरस्पोर्टर (१९४८ पासून, नळीखालच्या दांड्याने भरायची) किंवा मीटिअर (१९५९ पासून, नळी मोडून भरायची) असण्याची शक्यता जास्त.

बाई एका हातात बंदूक उंच धरून धनुष्य फेकून देतेय असा शिक्का असेल तर डायना. मूळ कारखाना जर्मनीत रास्टाटला, १८९० चा. पण तुमच्या डायनावर मेड इन ग्रेट ब्रिटन दिसलं तर डुप्लिकेट म्हणून नाक मुरडू नका. दुसर्‍या महायुद्धानंतर डायनाचं नाव आणि मशिनरी स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेली, ती कंपनी मासेमारीचे गळ, रीळ आणि बेचकीसुद्धा विकायची, म्हणजे त्या काळच्या पोरांच्या सुट्टीचं सगळं सामान एकाच दुकानात. जर्मनीत बनलेल्या युद्धानंतरच्या डायनावर सिलिंडरच्या मागच्या टोकाला डाव्या बाजूला बारीक आकड्यात महिना आणि साल ठोकलेलं सापडतं. गंजाखाली असतं, दिसत नाही पटकन, म्हणून तिथे पॉलिश पेपर मारायचा नाही. तो आकडा गेला की बंदुकीचं वय गेलं.

आयएचपी नॅशनल वगैरे आपल्या देशी बंदुकाही भरपूर निघतात आणि त्यांनाही पुढचं सगळं लागू आहे.

कायद्याचं काय

हे वाचायचा कंटाळा करू नका. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरपर्यंतची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर गन विनापरवाना ठेवता येते. जुनी साधी स्प्रिंगवाली बंदूक यात सहज बसते. हिशोब करायचा तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरने गेला तर साधारण ७ ज्यूल होतात. घोळ होतो तो बोअरमध्ये. विलायती बंदुकांत .२२ म्हणजे ५.५ मिमीच्याही खूप आहेत, आणि युद्धाआधीच्या बीएसएवर तर सिलिंडरवर नुसता मोठा २ आकडा असतो, बाकी काही नाही. ओळखायची सोपी युक्ती, ४.५ चा छर्रा नळीच्या मागून सोडा, तो आरपार गळून पडला तर बोअर मोठा आहे. तसं निघालं तर वापरायच्या आधी पोलीस स्टेशनला जाऊन परवान्याचं विचारून घ्या, "आजोबांची आहे हो" हे उत्तर तिथे चालत नाही.

बाहेरची सफाई, थोडक्यात

स्टील वूलमधला सगळ्यात बारीक नंबर (चार शून्यवाला) घ्या, मशिनचं तेल लावा आणि गंजावर हलक्या हाताने फिरवा. लाल गंज निघतो, खालचा काळपट निळा रंग राहतो, तिथे थांबायचं. पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं तर पहिल्याच पावसाळ्यात परत गंज. स्क्रूला बरोब्बर बसणारा पेचकस नसेल तर स्क्रूला हातच लावू नका, चेपलेलं डोकं लांबूनही दिसतं.

दस्त्याचं लाकूड ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, तळव्याने चोळून जिरवा, दुसर्‍या दिवशी परत. टचवूड नको, पॉलिशवाला मिस्त्री नको. आणि एक महत्त्वाचं, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपर्‍यात टाकायच्या नाहीत, ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून उन्हात वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

नळी

लोखंडी सळई तोंडाकडून घालू नका, आतले आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) तोंडापाशीच खराब झाले की नेम कायमचा गेला. जाड तंगूस घ्या, मासे पकडायचा, दुहेरी करून मागच्या बाजूने आत सोडा, फासात सुती चिंधी अडकवून मागून पुढे ओढून काढा. पहिल्या चिंध्या काळ्याकुट्ट येतील, त्यात कुंभारमाशीचं घर, मेलेला कोळी असं काहीही निघतं. चिंधी राखाडी यायला लागली की बास. हात साबणाने धुवा, तो काळा मळ शिशाचा असतो. यावरून आठवलं, छर्रे तोंडात धरून एकेक काढून भरायची जुन्या लोकांची सवय होती, पोरं तर हमखास करायची, ती कौतुकाने शिकवू नका कोणाला, शिसं विषारीच आहे.

आता मुख्य काम, वायसर

आतली यंत्रणा म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हचा पंप समजा. पिस्टनच्या डोक्यावर चामड्याची वाटी, ती मऊ असली की कडेने पसरते आणि हवा अडवते, वाळली की आक्रसते आणि हवा कडेने मागे पळते. मग चाप ओढल्यावर नुसता खडखड आवाज येतो, छर्रा नळीतच अडकतो नाहीतर समोर टपकन पडतो, आणि आपण म्हणतो स्प्रिंग गेली.

नळी मोडली की सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक भोक दिसेल, तिथूनच हवा नळीत येते. बंदूक दस्त्यावर उभी करा, भिंतीच्या कोपर्‍यात, नळी मोडलेलीच, म्हणजे भोक वर राहील. त्यात नीट्सफूट तेलाचे तीन-चार थेंब सोडा, हे घोड्याच्या खोगिराला, क्रिकेटच्या ग्लोव्हजना वगैरे चामडं मऊ ठेवायला लावतात ते तेल, ऑनलाइन मिळतं. रात्रभर तशीच उभी राहू दे. तेल सावकाश उतरून चामड्यात मुरतं, घाई करून जास्त ओतलं तर मुरत नाही, नुसतं साचतं.

खोबरेल घालू नका, थंडीत गोठतं आणि नंतर खवट चिकट होतं. शिलाई मशिनचं तेल नको आणि गंजलेले स्क्रू सोडवायला मारतात तो निळा-पिवळा डबेवाला स्प्रे तर अजिबात नको, पिस्टन पुढे आला की आतली हवा दाबाने एवढी तापते की असलं पातळ तेल पेटतं, आवाज फटाक्यासारखा येतो, धूर निघतो, पोरं खूश होतात आणि तिकडे वायसर जळतं, स्प्रिंगही मोडू शकते. नीट्सफूटनेही पहिल्या काही बारांना थोडा धूर दिसेल, तेवढा चालतो, तो हळूहळू थांबला पाहिजे. थांबत नसेल तर तेल जास्त झालंय, अजून काही घालू नका, मारत राहा.

मीटिअरसारख्या काही बंदुकांत चामड्याऐवजी रबरी रिंग असते, तिथे हा तेलाचा उपाय लागू नाही, रिंगच बदलावी लागते. त्यामुळे आधी मॉडेल ओळखा म्हटलं ते उगाच नाही.

नळीचा जोड

नळी आणि सिलिंडर जिथे भिडतात तिथे अजून एक छोटं वायसर असतं. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या जोडावर आडवी ठेवा आणि छर्रा घालून मारा. पट्टी उडाली तर तिथून हवा गळतेय. चामड्याचं असेल तर गावातल्या मोचीदादांना जुनं वायसर दाखवा, ते पाच मिनिटांत तशीच चकती कापून देतात, फक्त जाडी थोडी जास्त ठेवायला सांगा, बसवल्यावर चकती भोवतीच्या लोखंडाच्या केसभर वर राहिली पाहिजे. नळी बंद करताना ती दाबली जाते आणि जोड पक्का होतो.

स्प्रिंग

एवढं करूनही दम नसेल किंवा नळी मोडताना आतून करकर येत असेल तरच स्प्रिंगचा विषय काढा. ती आत बसवलेली असतानाही दाबलेलीच असते, मागची पिन काढली की सगळं सामान तोंडावर येऊ शकतं. छातीला टेकवून उघडणारे बहाद्दर असतात, तुम्ही होऊ नका. स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीकडेच द्या, आणि "जरा जोरदार टाका" असं सांगू नका. जास्त ताकदीच्या स्प्रिंगने जुनी बिजागरी ढिली होते, झटका वाढतो, नेम बिघडतो. मूळ मापाचीच घाला.

मारायचं कुठे

पाखरांवर नाही. पूर्वी शेताच्या राखणीला, आंब्यावरच्या पोपटांना, खारींना या बंदुका सर्रास वापरल्या जायच्या, इंग्लंडमध्ये आजही शेतकर्‍यांना उंदीर-कबुतरांसाठी अटी पाळून एअर रायफल वापरता येते, पण आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. त्यात पूर्वी कावळे, वटवाघळं, उंदीर अशा उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ती यादीच गेली. तेव्हा पोपटांसाठी चमकणार्‍या फिती लावा, डबा वाजवा, उंदरांना पिंजरा लावा. खरं सांगायचं तर राखणीला बंदुकीपेक्षा गोफण कधीही सरस होती, एका आवाजात अख्खा थवा उठायचा.

कागदावर मारा, १० मीटरवरून. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोत जागतिक अजिंक्यपद जिंकलं ते याच अंतरावर, आणि तिथे मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कागदामागे पुठ्ठ्याचा खोका, त्यात जुनी वर्तमानपत्रं गच्च दाबून, त्यामागे भिंत. नुसती फळी लावली तर छर्रा उलटा येतो, चष्मा घालाच. छर्रे सपाट डोक्याचे शिशाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. जत्रेतल्या स्टॉलवरच्या लोखंडी गोळ्या आटे असलेल्या नळीत घालू नका.

आणि बंदूक आवळून धरू नका. स्प्रिंगवाली बंदूक छर्रा बाहेर पडायच्या आधीच आधी मागे आणि मग पुढे हलते, घट्ट धरली की दर वेळी वेगळी हलते आणि छर्रे पानभर पसरतात. पुढचा हात नुसता पसरून त्यावर तिला टेकू द्या, खांद्याला हलकेच लागू दे, दर वेळी तशीच. भिंतीवर किंवा टेबलावर थेट टेकवून मारलं तरी तोच घोळ.

काम झालं की स्प्रिंग मोकळी आहे ना बघा, लोखंडाला जिथे जिथे हात लागला तिथे तेलाचं फडकं फिरवा, घामाचे ठसे कोकणात दोन दिवसांत गंजतात. रेक्झिनच्या खोळीत ठेवू नका, आत दमट राहतं, जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात कुलपात ठेवा, आणि छर्रे दुसर्‍या खोलीत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पुसली की झालं.