नदीच्या कामात शिरायचंय? आधी काठाचा एक पट्टा धरा

नदी-संवर्धनात नोकरी हवी म्हणून बहुतेकजण आधी अभ्यासक्रम शोधतात. तो लागेलच. पण मुलाखतीत खरं वजन पडतं ते एकाच पट्ट्याच्या वर्षभराच्या नोंदींचं. पुण्यातल्या मुळा, मुठा किंवा रामनदीचा साधारण अर्धा किलोमीटर निवडा, तोही घरापासून चालत जाता येईल असा. लांबचा पट्टा पावसाळा लागला की सुटतो.

पहिलं काम नाल्यांचा नकाशा. काठाने चालत प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप मोबाइलवर टिपा. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम, घराघरांतलं पाणी तेव्हाच येतं. मे महिन्यातही वाहणारा नाला म्हणजे एकतर झरा, नाहीतर सांडपाणी, नाक सांगतंच.

मग पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजा. 300 मिलीची काचेची बीओडी बाटली (प्राणवायूच्या चाचणीसाठीची, घट्ट बुचाची) पाण्याखाली तिरकी धरून भरा, आत बुडबुडा राहता कामा नये. तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइडचं द्रावण प्रत्येकी 2 मिली घाला, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका (गाळ) आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. साका खाली बसल्यावर 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा. त्यातल्या 200 मिलीचं 0.025 नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे ते थेंबथेंब सोडत किती लागतं ते मोजा; रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब सोडा. थायोसल्फेट जितके मिली लागलं तितके मिलिग्रॅम प्राणवायू प्रति लिटर. आंघोळीच्या पाण्याचा निकष किमान 5 आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि उरलेलं रसायन नदीत ओतायचं नाही.

आकडे फसतात ते बहुधा वेळेमुळे. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं आणि घाण पाणीही चांगलं दिसतं; खरी परीक्षा पहाटे. मुठेवरच्या खडकवासला धरणातून विसर्ग चालू असेल तर तसं वहीत लिहा, नाहीतर पातळ झालेली घाण सुधारणा म्हणून खपते. थायोसल्फेट जुनं झालं की वाचन उगाच वाढतं, म्हणून त्याची तीव्रता अधूनमधून तपासा.

स्वच्छता मोहिमा जरूर करा, फोटोही काढा, पण वरचा नाला तसाच असेल तर पुढच्या पावसात प्लास्टिक परत हजर. त्यापेक्षा मैलाशुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे अहवाल माहिती अधिकारात मागा: शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात केंद्राचं नाव आणि महिने नेमके लिहा. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत की टोलवाटोलवी ठरलेली. झाडं लावायची तर वाळुंज, करंज, उंबर; सुबाभूळ नको.

शिक्षणासाठी पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमाची चौकशी करा. 'जीवितनदी'सारख्या संस्थेबरोबर काठावर उतरलात तर माणसंही भेटतात. ओढा किनाऱ्याकडे असेल, तर कोकणात कांदळवनाच्या कामातही हीच नोंदींची सवय लागते, फक्त तिथे भरती-ओहोटीची वेळ सोबत लिहावी लागते.

अर्जाला प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याऐवजी दोन पानं जोडा: नाल्यांचा नकाशा आणि बारा महिन्यांचा प्राणवायूचा आलेख, प्रत्येक वाचनाला तारीख, वेळ आणि विसर्गाची नोंद असलेला.