दवबिंदू कुंडीत का मरतो? या चुका टाळा

ऑगस्टात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर उन्हात लकाकणारं दवबिंदूचं, म्हणजे चिकट पानांवर किडे पकडणाऱ्या वनस्पतीचं रोप पाहिलं, की ते घरी न्यावंसं वाटतं. उपटू नका. जांभ्यावरच्या बोटभर मातीत त्याची केसासारखी मुळं असतात. ती तुटतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. सड्यावरचं, म्हणजे त्या उघड्या कातळपठारावरचं, पुढच्या वर्षाचं बीही तिथंच संपतं. ज्यांच्या कुंडीत तो फुलतो, त्यांच्याकडून बी मागून घ्या.

बाकी निम्मी रोपं जातात ती चुकीच्या पाण्यानं. दरवर्षी तेच घडतं. जुलै-ऑगस्टात कुंडी गच्चीवर पावसात असते, रोप तरारतं, गुलाबी फूल येतं. गणपतीनंतर पाऊस उघडीप देतो आणि बोअरचा पाइप कुंडीकडे वळतो. आठ-दहा दिवसांत पानांवरचे चिकट थेंब आटतात, कुंडीच्या काठाला पांढरा खार धरतो, पानांची टोकं काळी पडतात. मग 'अशक्त झालंय' म्हणून कुणी गांडूळखताचं पाणी घालतं, आणि उरलेलं रोपही जातं.

दवबिंदू नत्र मिळवतो तो मुख्यतः पानांवर चिकटलेल्या चिलटांतून. मुळांचं मुख्य काम रोप धरून ठेवणं आणि पाणी ओढणं. सड्यावरची माती पावसानं धुऊन निकस झालेली असते, त्याच मातीला तो सरावलेला आहे. क्षार आणि खत या मुळांना सोसतच नाहीत.

म्हणून पावसाचं पाणी साठवा. पहिल्या सरीत छप्पर धुऊन जाऊ द्या, मग भरा, तोंडाला फडकं बांधा. पंधरा सेंटीमीटरच्या कुंडीला रोज पाव लिटर धरलं, तर वीस लिटरचा एक जार ऑक्टोबर-नोव्हेंबर काढतो. तेही जमत नसेल तर आरओचं पाणी घ्या, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या आत हवा. गाळलेलं, उकळलेलं पाणी चालणार नाही. उकळून क्षार उलट वाढतात.

मातीची कुंडी नको, प्लास्टिकची घ्या. खाली ताटली ठेवून तिच्यात एक-दोन सेंटीमीटर पाणी कायम असू द्या.

कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवली आणि भरली, हा शॉर्टकट महागात पडतो. त्यात मीठ असतं. पावसाच्या पाण्यात दिवसभर भिजवा, पिळा, पाणी बदला. असं चार वेळा. मग तेवढीच धुतलेली जाडी वाळू मिसळा. शेणखत चिमूटभरही नको.

बी मातीखाली पुरू नका. उजेड लागतो, वरच भुरभुरा. आधी उन्हाळाभर कागदाच्या पुडीत कोरडं आणि उबदार ठेवा, फ्रिजमध्ये नव्हे. सड्यावर ते तापलेल्या कातळावरच पडून असतं. पेरणी जूनमध्ये. पावसाचा थेट मार बसला तर बी वाहून जातं, म्हणून वर पारदर्शक पत्रा धरा. उगवायला कधी तीन आठवडे लागतात, कधी सहा. चौथ्या आठवड्यात माती उकरून बघणाऱ्यांनी दवबिंदूच्या वाटेला जाऊ नये.

सावली नको. हातानं मुंग्या, मांसाचे तुकडे भरवू नका, पान कुजतं.

आणि नोव्हेंबरात तो सुकला तर औषध फवारू नका. हे एका हंगामाचं रोप आहे, बी धरून ते जाणारच. बोंडं तपकिरी झाली की कागदावर झटका, काळं बारीक बी पुडीत बांधा. कुंडी तशीच कोरडी ठेवा. सांडलेलं बी जूनमध्ये तिच्यातच उगवतं.