पायपरवर मराठी आवाज घडवताना

पायपर म्हणजे लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर, त्याला आपला आवाजही शिकवता येतो. त्याच्या कोडचं मूळ भांडार २०२५ मध्ये केवळ वाचण्यापुरतं उरलं. पुढचं काम जीपीएल या मुक्त परवान्याखाली दुसरीकडे चालतं. तरी बहुतेक कृती आणि तयार चेकपॉइंट (आधीच शिकवलेल्या मॉडेलच्या जतन केलेल्या प्रती) जुन्या आवृत्तीचे, म्हणून नवखे तिथेच वळतात.

पायथन ३.१० चं व्हेन्व्ह, म्हणजे स्वतंत्र वातावरण करा आणि त्यात आधी पिप (पॅकेज बसवणारं साधन) २४.१ च्या खाली आणा. पायपरला लागणाऱ्या पायटॉर्च लाइटनिंग १.७ या ट्रेनिंगच्या लायब्ररीच्या मेटाडेटात टॉर्चच्या (पायटॉर्चच्या) आवृत्तीमागे एक चुकार चांदणी (*) आहे. जुना पिप तिकडे काणाडोळा करायचा, नवा थेट नाकारतो. टॉर्चमेट्रिक्स ही लायब्ररीही ०.११.४ वर बांधून ठेवा, आणि मोनोटॉनिक अलाइन या, मजकूर आणि आवाज जुळवणाऱ्या भागाची बिल्ड स्क्रिप्ट चालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनव्हिडियाचं ५० मालिकेतलं कार्ड असेल तर टॉर्च १ चा नाद सोडा.

रेकॉर्डिंग सोपं आहे: मोनो, १६ बिट, २ ते १२ सेकंदांचे तुकडे, पंखा बंद, तोंड माइकपासून रोज तेवढंच लांब. मीडियम दर्जाच्या मॉडेलला २२०५० हर्ट्झचा सॅम्पल रेट लागतो. तयार चेकपॉइंटवरून पुढे शिकवायचं तर तासाभराचा स्वच्छ आवाजही कामाला येतो. चेकपॉइंट इंग्रजी असला तरी चालतो, फक्त तोही मीडियमच हवा.

खरी मेहनत मजकुरावर. मेटाडेटा फाइलच्या ओळीत फाइलचं नाव, उभी रेघ, वाक्य. वर मथळ्याची ओळ नको. कागदावर ‘२.३० वाजता’ आहे आणि वाचणारा सवयीने ‘अडीच वाजता’ म्हणतो. ईस्पीक (पायपरसाठी मजकुराचे उच्चार ठरवणारं साधन) मात्र आकडे वाचतो, मग अक्षरं आणि ध्वनी जुळतच नाहीत. जे तोंडून निघालं तेच लिहा: ‘अडीच’, ‘पावणेदोनशे’, ‘डॉक्टर’.

त्याहून चिवट दुखणं ‘च’ आणि ‘ज’चं. ‘चहा’तला च तालव्य, ‘चाक’मधला दंत्य, ‘जीव’ आणि ‘जागा’ यांचं तसंच. लिपीत फरक दिसत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगआधी सगळी वाक्यं ईस्पीकमधून आयपीएत, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय चिन्हांत काढून नजरेखालून घाला. चुकीचं चिन्ह आलं तर सिस्टिममधला ईस्पीकचा कोश दुरुस्त करून भागत नाही. पायपरचा उच्चार काढणारा भाग, पायपर फोनेमाइझ, आपला कोश सोबत घेऊन येतं. तयार झालेल्या डेटासेट फाइलमध्ये हाताने चिन्हं बदलली, तरी प्रत्यक्ष बोलताना इंजिन पुन्हा जुनाच उच्चार काढणार. असे शब्द संहितेतून गाळणं सगळ्यात स्वस्त.

एखादा तुकडा नंतर साफ करून त्याच नावाने ठेवलात, तर कॅश फोल्डर (तयार केलेले तुकडे साठवणारा) पुसा. कॅशची ओळख फाइलच्या पत्त्यावरून ठरते, आतल्या आवाजावरून नाही. पुन्हा प्रीप्रोसेस (ट्रेनिंगआधीची तयारी) केलं तरी जुनाच तुकडा शिकवला जातो.

ट्रेनिंग सुरू होताच संपलं तर एपॉकची (सगळ्या तुकड्यांवरून एक फेरी म्हणजे एक एपॉक) मर्यादा पाहा. लेसॅक मीडियम या इंग्रजी आवाजाचा चेकपॉइंट २१६४ व्या एपॉकवरचा आहे. मर्यादा १००० ठेवलीत तर शिकायला काही उरतच नाही. कार्डाची मेमरी ८ जीबी असेल तर बॅच (एका वेळी घेतलेले तुकडे) १२ पासून सुरू करा आणि एका वाक्यातल्या फोनीमची (उच्चाराच्या चिन्हांची) कमाल संख्या ४०० ठेवा. लॉसच्या (मॉडेलच्या चुकीच्या मापाच्या) आलेखावर फार विसंबू नका. तीच पाच वाक्यं दर पन्नास एपॉकनंतर ऐका, त्यात एक प्रश्न आणि एक लांबलचक वाक्य असू द्या. बरा वाटलेला चेकपॉइंट लगेच दुसरीकडे उचलून ठेवा, कारण नवा आला की जुना पुसला जातो.

शेवटी ओएनएनएक्स फाइल (वापरायला तयार मॉडेल) काढली की कॉन्फिग फाइल तिच्याशेजारी ठेवा, पूर्ण तेच नाव आणि मागे ‘.जेसन’. ती नसेल तर आवाज उघडतच नाही.